विषय: गणपती शनिवारी की रविवारी (आणि कोचबद्दल इथे नको)

प्रेषक: सचिव
रविवार, १० सप्टेंबर २०२३

मंडळी, नमस्कार.

यंदा गणेश चतुर्थी मंगळवारी, १९ सप्टेंबरला आहे. नेहमीप्रमाणे सार्वजनिक कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी, म्हणजे २३ला, लिंकनच्या हॉलवर ठरवला होता. डिपॉझिट भरून झाल्यावर घरातल्या चिरंजीवांनी लक्षात आणून दिलं की त्याच दिवशी लिंकनमध्ये हस्कर्सची (म्हणजे आपल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची) लुइझियाना टेकबरोबर मॅच आहे. म्हणजे ओमाहाच्या मंडळींना आय-८० महामार्गावर लाल झेंड्यांच्या गाड्यांमागे रांगत यावं लागणार, आणि पार्किंगचं तर बोलायलाच नको. हॉलवाले रविवार २४ द्यायला तयार आहेत.

कृपया उत्तरात फक्त "शनिवार" किंवा "रविवार" एवढंच लिहावं. कालच्या मॅचबद्दल इथे लिहू नये ही विनंती.

प्रेषक: नागपूरकर
रविवार, १० सप्टेंबर

शनिवार. मॅचमध्ये बघायला आता उरलं काय भाऊ?

सचिवसाहेब, माफ करा, पण लिहितोच. कोलोरॅडो गेल्या वर्षी १-११ होतं, म्हणजे एक जिंकली, अकरा हरले. डियॉन सँडर्स कोच म्हणून आला, पन्नासाच्या वर नवी पोरं आणली, पहिल्याच मॅचमध्ये टीसीयूला (टेक्सासचं एक विद्यापीठ) ४५-४२ हरवलं, आणि काल आपल्याला ३६-१४. तोही नवा कोच, आपलाही नवा कोच. आपल्याला मॅट रूल आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरला पडलाय. दोन मॅच झाल्या, दोन्ही हरलो. मिनेसोटाला तर आपण हातात आलेली मॅच काढून दिली. शेवटच्या अडीच मिनिटांत त्यांनी बरोबरी केली, मग आपल्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) चेंडू त्यांच्याच हातात टाकला आणि शेवटच्या किकवर १३-१०.

पहिल्या वर्षी काही होत नसतं, हे मला कोणी सांगू नका. आमच्या विदर्भाला कोणी विचारत नव्हतं. २०१७ साली चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि त्याच सीझनला रणजी घरी आली. पहिल्याच सीझनला!

प्रेषक: ओमाहाची माई
रविवार, १० सप्टेंबर

रविवार.

आणि सगळ्यांनाच फक्त हेल्मेटवाले दिसतात का हो? ३० ऑगस्टला त्याच मेमोरियल स्टेडियममध्ये आपल्या मुलींची व्हॉलीबॉलची मॅच झाली, ९२,००३ माणसं होती. मी आणि लेक वरच्या कठड्याजवळ बसलो होतो. खाली कोर्ट पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. शेजारच्या आजीबाई प्रत्येक सर्व्हला उभ्या राहायच्या, मग मलाही उभं राहावं लागायचं. तिथे जॉन कुक २००० पासून कोच आहेत, चार राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, आणि एक मॅच हरली म्हणून "कोच काढा" असं कोणी म्हणत नाही. तुम्हा पुरुषांच्या जिवाला शांतताच नाही.

मोदकांसाठी गोठवलेला नारळ कोण आणणार ते कळवा. मागच्या वेळी उकड जास्त झाली आणि सारण कमी पडलं होतं.

प्रेषक: अण्णा (लिंकन)
सोमवार, ११ सप्टेंबर

रविवार.

नागपूरकर, तुमचं दुःख कळतं. सीझनचं तिकीट माझ्याकडेही आहे आणि शिव्या मलाही येतात. पण कोलोरॅडोशी तुलना एका महिन्यावर नको.

मी १९८३च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आलो. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ अशी समजूत होती. रूममेटने लाल शर्ट अंगावर फेकला आणि म्हणाला, चल. त्या वर्षी आपला संघ एकही मॅच न हरता ऑरेंज बोलला (सीझनअखेरच्या मानाच्या मॅचला, अशा मॅचना बोल म्हणतात) पोचला. शेवटी मायामी ३१, आपण ३० होतो. एका पॉइंटची किक मारली असती तर बरोबरी झाली असती आणि विजेतेपद बहुधा आपलंच होतं. टॉम ऑसबोर्ननी बरोबरी घेतली नाही. दोन पॉइंटसाठी गेले आणि हरले. आमच्या खोलीत सहा जण होते, कोणी बोललं नाही. रूममेट उठून भांडी घासायला लागला, आणि भांडी कधीच घासणारा तो माणूस नव्हे. पण ऑसबोर्नना काढा, असं मी कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही. १९७३ पासून ते कोच होते. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४ला. बावीसावा सीझन. मग १९९५ आणि १९९७.

आमची पिढी बिघडली ती तिथे. पुढचे कोच फ्रँक सोलिच २००३ला सीझनमध्ये नऊ मॅच जिंकले आणि घरी गेले. बो पेलिनी २००८ ते २०१४, एकदाही नऊच्या खाली आले नाहीत. तेही गेले. नऊ म्हणजे कमी, असं आपण ठरवलं. त्यानंतर नऊ मॅच दिसल्या एकदाच, २०१६ला.

आणि स्कॉट फ्रॉस्ट. वुड रिव्हरचा पोरगा, म्हणजे आपल्याच मातीतला, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. २०१७ला सेंट्रल फ्लोरिडाचा कोच म्हणून १३-० करून आपल्याकडे आलेला. १ सप्टेंबर २०१८, अॅक्रनविरुद्ध पहिली मॅच. मी गेलो होतो. माणसं रडत होती हो, खेळ सुरू व्हायच्या आधी. सुरुवातीची किक झाली, चेंडू एकदाच हवेत गेला, आणि विजा कडाडायला लागल्या. सगळ्यांना आत जायला सांगितलं. आम्ही जिन्याखाली, कागदात गुंडाळलेला रन्झा (इथला खिमा भरलेला पाव) हातात, तासन् तास उभे. रात्री जाहीर झालं की मॅच रद्द. ते तिकीट अजून कपाटात आहे. चार वर्षं मी म्हणत होतो की त्या दिवशी पाऊस नसता तर गाडी रुळावर आली असती. पाऊस नसता तरी काही झालं नसतं, हे आता कळतं. त्या पोराच्या गळ्यात आम्ही १९९७ साल अडकवलं होतं.

त्याच वर्षी आपण गणपती शनिवारी घेतला होता, १५ सप्टेंबरला, आठवतंय का? मी प्रसाद वाढत होतो, डाव्या हातात फोन. ट्रॉय २४, आपण १९. माझ्या हातून एकाच्या ताटात तीन वेळा खिरापत पडली. तो बिचारा काही बोलला नाही.

फ्रॉस्टच्या नादात एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतली. २०२१ला आपण नऊ मॅच हरलो, आणि सगळ्याच्या सगळ्या नऊ किंवा त्याहून कमी पॉइंटांनी. पुढच्या वर्षी डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अकरा पॉइंटांनी पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मागितली आणि मॅच घालवली. रोग कुठे आहे ते तेव्हा दिसलं. पोरं मार खात नव्हती, शेवटी घाबरत होती. मिनेसोटाला परवा तेच झालं. ही सवय एका उन्हाळ्यात सुटत नाही.

आता रूल. आधी टेंपल विद्यापीठात कोच असताना पहिल्या वर्षी २-१०, तिसऱ्या वर्षी १०-४. मग बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी १-११, तिसऱ्या वर्षी ११-३. माणूस पहिल्या वर्षी हरतोच. म्हणून माझी यंदाची अपेक्षा एवढीच आहे, की नोव्हेंबरमध्ये चेंडू हातातून सुटणं कमी झालेलं दिसावं. जिंकण्याचा हिशेब मी २०२५ला मांडेन.

प्रेषक: धाकटी (लिंकन)
सोमवार, ११ सप्टेंबर, रात्री

रविवार, कारण शनिवारी मी स्टेडियममध्ये आहे.

अण्णाकाका, तुमच्या बावीस वर्षांत एक गडबड आहे. ऑसबोर्न त्या बावीस वर्षांत दरवर्षी किमान नऊ मॅच जिंकत होते. लोक धीर धरत नव्हते, लोक जिंकत होते! मी इथेच जन्मले. आपण कॉन्फरन्स (आपल्या गटाचं विजेतेपद) शेवटचं जिंकलो ते १९९९ला, तेव्हा मी पाळण्यात होते. मला आठवतं तेव्हापासून प्रत्येक नव्या कोचच्या वेळी "थांबा, तिसऱ्या वर्षी बघा" हेच ऐकतेय. कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, आता रूल. आणि १९६२ पासून घरच्या प्रत्येक मॅचची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. आम्ही तिकीट काढतच राहतो, मग त्यांना घाई कशाला असेल?

आणि रूलची टेंपल-बेलरची वर्षं जुन्या जगातली आहेत. आता पोरं हवं तेव्हा कॉलेज बदलतात. डियॉन सँडर्सने एका उन्हाळ्यात संघ बदलला, कारण आता ते करता येतं. तिसऱ्या वर्षाची वाट बघेपर्यंत आपली चांगली पोरं दुसरीकडे गेली तर?

मला चमत्कार नको आहे. सहा मॅच हव्यात. सहा झाल्या की बोल मिळतो, आणि तो २०१६ नंतर मिळालेला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी नेब्रास्काला डिसेंबरमध्ये खेळताना पाहिल्याचं आठवतच नाही. सहा हे काही जास्त मागणं नाही.

ता. क. नागपूरकरकाका, पंडित सरांच्या संघात वसीम जाफर होते. आपल्याकडे कोण आहे?

प्रेषक: नागपूरकर
मंगळवार, १२ सप्टेंबर

जाफरचं बरोबर आहे. मान्य.

प्रेषक: अण्णा (लिंकन)
मंगळवार, १२ सप्टेंबर

सहा ठीक आहे. "लोक जिंकत होते" यावर मला उत्तर सुचत नाहीये, काल रात्रीपासून विचार करतोय. शनिवारी माझ्या शेजारची सीट रिकामी आहे, येतेस का?

प्रेषक: सचिव
बुधवार, १३ सप्टेंबर

मोजणी: रविवार ३१, शनिवार ९. दोन मतं बाद केली आहेत, कारण त्यात वार नसून "क्वार्टरबॅक बदला" एवढंच लिहिलं होतं.

कार्यक्रम रविवारी, २४ला. नारळ मीच आणतोय.

प्रेषक: धाकटी (लिंकन)
शनिवार, २५ नोव्हेंबर २०२३

मंडळी, दिवाळीच्या फोटोंचा मेल होता, त्यालाच जोडतेय, सचिवकाका क्षमस्व.

काल आयोवा. १३-१०. शेवटच्या क्षणाची किक. मिनेसोटालाही १३-१०, मेरीलँडलाही १३-१०. ऑक्टोबरच्या शेवटी आपण ५-३ होतो, फक्त एक मॅच हवी होती. चारच्या चार हरलो, त्यातली एकही सातपेक्षा जास्त पॉइंटांनी नाही. ५-७. बोल नाही.

काल अण्णाकाकांच्या शेजारीच बसले होते. किक गेल्यावर त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि परत घातला. "चेंडू अजून सुटतोच आहे", एवढंच म्हणाले. मग थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला. साखर तळाशी बसली होती.

प्रेषक: नागपूरकर
शनिवार, २५ नोव्हेंबर

कोलोरॅडो ४-८. सप्टेंबरमधला माझा मेल कोणी परत काढू नये.

रूलला पुढचं वर्ष द्यायला माझी हरकत नाही. त्याच्या पुढचं मात्र बघू.

प्रेषक: सचिव
रविवार, २६ नोव्हेंबर

मंडळी,

या विषयावर मेल नकोत असं सप्टेंबरमध्येच लिहिलं होतं. असो.

पुढच्या वर्षीचा हॉल आत्ताच सांगून ठेवायचा म्हणून पंचांग आणि वेळापत्रक शेजारी ठेवून बसलो. २०२४ला गणेश चतुर्थीच शनिवारी येते, ७ सप्टेंबरला. आणि त्याच दिवशी कोलोरॅडो लिंकनला येतंय.

प्राणप्रतिष्ठा सकाळी आठला ठेवली तर कोणाकोणाला जमेल? या वेळी फक्त "हो" किंवा "नाही" लिहावं.

प्रेषक: अण्णा (लिंकन)
रविवार, २६ नोव्हेंबर

हो. सातला ठेवा.