जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ऑफिसच्या लॅनवर आणायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस छोटं आहे, पाच कॉम्प्युटर एका स्विचवर आणि एक राउटर, बस. बिलिंग आणि अकाउंट मी बघते, त्यामुळे प्रिंटरचं दुखणं पण माझ्याकडेच येतं. प्रिंटर आहे एप्सन एलएक्स-३००+, नऊ पिनांचा, मागे ती रुंद ३६ पिनांची पॅरलल सॉकेट आणि शेजारी सिरियल. यूएसबी नाही, लॅन तर नाहीच. आतापर्यंत तो एका जुन्या कॉम्प्युटरला एलपीटी पोर्टने (पॅरलल पोर्टचंच विंडोजमधलं नाव) जोडलेला होता आणि बाकीचे सगळे शेअरिंगने त्याच्यावर बिलं काढायचे. आता तो कॉम्प्युटर गेला, मदरबोर्डच गेला, आणि नवीन आणलेल्याला पॅरलल पोर्टच नाहीये.

लेझर घ्या असं कृपया सांगू नका :) आमचं बिल तीन प्रतींत जातं, पांढरी गुलाबी पिवळी, एकाच वेळी टाइप झालेली, आणि पिन रिबनवर आपटल्याशिवाय खालच्या कागदावर काही उमटत नाही. प्रिंटर स्वतः ठणठणीत आहे, एलएफ/एफएफ बटण दाबून धरून चालू केला की सेल्फ टेस्ट एकदम सुबक येते, म्हणजे दोष जोडणीतच आहे.

आता काय करून बघितलं ते सांगते. यूएसबी टू पॅरलल केबल आणली, नवीन कॉम्प्युटरला लावली, विंडोजने ओळखली, नोटपॅडवरून प्रिंट आली. पण आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं, काळ्या स्क्रीनवालं आहे, त्याच्यासाठीच सगळीकडे ३२ बिट विंडोज १० ठेवलंय, ते थेट एलपीटी१ लाच पाठवतं आणि तिथे काहीच होत नाही, एरर पण धड येत नाही, नुसतं थांबून राहतं. दुसरं म्हणजे प्रिंटर शेअर केल्यावर दोन कॉम्प्युटरवर तो लागला आणि बाकीच्या दोघांवर कनेक्ट करताना शेवटी ११बी असलेला लांबलचक एरर येतो. नेटवर्क प्रायव्हेट आहे, वर्कग्रुप सगळ्यांचा एकच, पिंग व्यवस्थित जातो.

आणि मनापासून विचारायचंय ते हे, की ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तो बंद असला की सगळ्यांचं काम अडतं, ही भानगड कायमची संपवता येईल का? बिल वेळेवर निघालं नाही तर माल दारातच उभा राहतो आणि बोलणी समोरचा माणूस खातो.

प्रतिसाद

ताई, तुमच्या दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत, एकत्र करून बघू नका, नाहीतर गुंता वाढेल.

एलपीटी१ चं आधी. ती केबल विंडोजमध्ये पॅरलल पोर्ट तयार करत नाही, ती यूएसबी००१ नावाचा व्हर्च्युअल पोर्ट तयार करते. नोटपॅड ड्रायव्हरमार्फत जातं म्हणून छापलं. तुमचं सॉफ्टवेअर एलपीटी१ शोधतं आणि त्या नावाचं मशीनमध्ये काही नाहीच. उपाय सोपा आहे. त्याच कॉम्प्युटरवर प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव छोटं ठेवा, स्पेस नको, आणि कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज एलपीटी१ कोलन, मग स्पेस देऊन दोन उलट्या तिरप्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव, आणि शेवटी सरळ तिरपी रेघ देऊन पर्सिस्टंट कोलन यस. म्हणजे एलपीटी१ ला जे जाईल ते त्या शेअरकडे वळेल. स्वतःच्याच शेअरला सुद्धा असं वळवता येतं. एक गोष्ट सांभाळा, कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडू नका, साधाच उघडा, कारण हे मॅपिंग त्या त्या लॉगिन सेशनपुरतं असतं आणि ॲडमिनवालं तुमच्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. इथे भले भले अडकतात.

११बी चा उगम २०२१ चा आहे. त्या वर्षी प्रिंट स्पूलरमधल्या (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) सुरक्षेच्या त्रुटी गाजल्या, आणि सप्टेंबरच्या विंडोज अपडेटने नेटवर्क प्रिंटिंगची तपासणी कडक केली. नेटवर रजिस्ट्री बदलून ती तपासणी बंद करायचा उपाय सर्रास सांगतात, मी सांगणार नाही, दार उघडं टाकून झोपायचं काही कारण नाही. आधी सगळ्या कॉम्प्युटरवर अपडेट सारखे करून बघा. तरी नाही झालं तर ॲड प्रिंटरमध्ये लोकल पोर्ट निवडा, नवीन पोर्टच्या नावाच्या जागी तोच शेअरचा पूर्ण पत्ता टाका आणि ड्रायव्हर हाताने द्या. लागतो.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, पण ताईंचा खरा प्रश्न एका कॉम्प्युटरवर अवलंबून न राहण्याचा आहे, आणि शेअरिंगने तो कधीच सुटणार नाही. मी असे बरेच प्रिंटर लावून दिलेत, माझं मत स्पष्ट आहे, पॅरलल प्रिंट सर्व्हर घ्या. छोटी डबी असते, एका बाजूने प्रिंटरच्या ३६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसते, दुसऱ्या बाजूला लॅनची वायर. टीपी-लिंकचा टीएल-पीएस११०पी हा त्यातलाच, जुना वापरलेला मिळाला तरी चालतो. लावताना काढताना प्रिंटर बंद ठेवा, पॅरलल पोर्ट चालू वीजेवर काढघाल करायचा नसतो.

डॉट मॅट्रिक्सला हे फार छान जमतं कारण प्रिंटरला स्वतःची भाषा कळते, साधी अक्षरं पाठवली तरी तो छापतो. बरेचसे स्वस्त लेझर तसे नसतात, त्यांचं सगळं पान कॉम्प्युटरच तयार करून देतो, ते अशा डबीवर बहुधा चालत नाहीत. म्हणून कुणाचं ऐकून दुसरा प्रिंटर या डबीला जोडायला जाऊ नका.

डबीला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का द्या, राउटर आपोआप वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा. नाहीतर एक दिवस वीज जाऊन येईल, डबीला दुसराच आयपी मिळेल आणि पाचही कॉम्प्युटर ऑफलाइन म्हणत बसतील. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करून प्रिंटर टाका, पाठवायच्या दोन पद्धती दिसतील, रॉ निवडलात तर पोर्ट नंबर ९१००, एलपीआर असेल तर ५१५ आणि क्यूचं नाव डबीच्या माहितीपत्रकात असतं तेच. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याची सोय) टिक काढा आणि प्रिंटरच्या पोर्ट्स टॅबमधून बायडायरेक्शनल सपोर्ट पण काढा, या दोघांमुळे चांगला चालू प्रिंटर ऑफलाइन दिसतो.

आणि बिलिंगसाठी वरच्यांनी सांगितलेली नेट यूजची युक्ती प्रत्येक कॉम्प्युटरवर आपापल्याच शेअरला लावा. मग कुणीच कुणाच्या भरवशावर नाही आणि ११बी चा प्रश्नच येत नाही, कारण एकाचं दुसऱ्याकडे काही जातच नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचे खूप खूप आभार! डबी मिळाली, लावली, आयपी पक्का दिला आणि काळ्या स्क्रीनवरून पाचही कॉम्प्युटरवरून बिल निघतंय. कुठलाही कॉम्प्युटर बंद ठेवून बघितला, फरक पडत नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. विंडोजमधून साधी यादी काढली तर हेड एकेका ओळीवरून इकडून तिकडे फिरत बसतं, बिल मात्र सरसर येतं. आणि यादीचं दुसरं पान थोडं खाली सरकतं, तिसऱ्या पानापर्यंत बेरजेची ओळ बरोबर फाडायच्या छिद्रांवर येते. शिवाय पिवळी प्रत फिकट आहे, ती तर आधीपासूनच.

प्रतिसाद

विंडोजचा ड्रायव्हर अक्षरांचं चित्र करून पाठवतो म्हणून वेळ लागतो. त्याच पोर्टवर दुसरा प्रिंटर टाका, ड्रायव्हर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली, तो चित्र न करता नुसती अक्षरं पाठवतो. इंग्रजी याद्या त्यावर काढा, मराठी पत्र असेल तर एप्सनच्याच ड्रायव्हरवर, कारण देवनागरी त्या जेनेरिकला जमत नाही.

पान सरकतंय म्हणजे ड्रायव्हरमध्ये पानाची लांबी वेगळी आणि कागद वेगळा. इंचाला सहा ओळी धरल्या तर ११ इंची पान ६६ ओळींचं, १२ इंची ७२ ओळींचं. छिद्रापासून छिद्रापर्यंत पट्टीने मोजा आणि प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये त्याच मापाचा फॉर्म करून दोन्ही प्रिंटरना द्या, ए४ ठेवू नका.

फिकट प्रतीसाठी झाकण उघडून कागदाच्या जाडीची लिव्हर बघा, तीन प्रतींना एका कागदाच्या खुणेवर ठेवून चालत नाही आणि गरजेपेक्षा पुढे नेली तर छपाई अजून फिकी होते, कारण हेड कागदापासून लांब जातं. प्रत्येक खुणेवर एक बिल काढून पिवळी प्रत बघा. त्यानंतरही फिकट असेल तर रिबन बदला.

प्रतिसाद (धागाकर्ती)

कागद मोजला, ११ इंची निघाला आणि ड्रायव्हरमध्ये १२ होता. फॉर्म केला, आता बेरीज जागेवर येते. लिव्हर एक खूण सरकवल्यावर पिवळ्या प्रतीवरचा जीएसटी नंबर चष्म्याशिवाय वाचता येतोय. डबीचा आयपी, फॉर्मचं माप आणि नेट यूजची पूर्ण ओळ कागदावर लिहून प्रिंटरच्या झाकणाच्या आतून चिकटवलीय, मी रजेवर असले तरी कुणालाही नवीन कॉम्प्युटर जोडता येईल.