शेडरमधली चूक बिल्डलाच कळावी, काय करता येईल?

चादरवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी डिझाइनचा प्रिव्ह्यू बनवायलोय, रस्ट भाषेत आणि डब्ल्यूजीपीयूत (ग्राफिक्स कार्डवर चित्र काढायची रस्टची लायब्ररी), म्हणजे मागावर चढवायच्या आधीच ताणा-बाणा कसा दिसतोय ते स्क्रीनवर बघायचं. शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) डब्ल्यूजीएसएल या वेगळ्या भाषेत आहे आणि रस्टला तो नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर वाटतो. काल एका व्हेरिएबलचं नाव बदललं, एका ठिकाणी जुनंच राहिलं, बिल्ड (कोडपासून ॲप बनवणं) एकदम स्वच्छ झालं आणि मालकांसमोर ॲप उघडल्या उघडल्या पॅनिक, म्हणजे ॲपच बंद. इन्क्लुड-डब्ल्यूजीएसएल मॅक्रो वापरूनसुद्धा हेच. रस्ट घेतलं ते चुका आधी कळाव्यात म्हणूनच की, मग शेडरचं काय करायचं ओ?

पिक्सेलपंत
तो मॅक्रो फाइलचा मजकूर फक्त बायनरीत घालतो, तपासत काही नाही. तपासणी होते शेडर मॉड्यूल तयार करताना, म्हणजे ॲप चालू झाल्यावर. डब्ल्यूजीपीयू आतून नागा नावाच्या ज्या क्रेटने (रस्टच्या लायब्ररीने) तपासतं तोच बिल्ड-डिपेंडन्सीत घ्या (व्हर्जन डब्ल्यूजीपीयूतलंच ठेवा, नाहीतर इथे पास आणि तिथे नापास), बिल्ड डॉट आरएसमधे (बिल्डच्या वेळी आधी चालणारी फाइल) प्रत्येक शेडर फाइल नागाने पार्स करा (म्हणजे वाचून तिची रचना काढा), मग त्याच्याच व्हॅलिडेटरमधून काढा. नुसतं पार्स करून थांबू नका, व्हॅलिडेटर पाहिजेच. चूक आली की बिल्ड तिथंच पाडायचं.

बाइट_बहाद्दर
वरचं बरोबर, पण खरा त्रास पुढेच आहे बघा. शेडर बरोबर, रस्ट बरोबर, आणि दोघांचं स्ट्रक्ट (डेटाची मेमरीतली मांडणी) जुळंना. शेडरमधला वेक३ (तीन आकड्यांचा गट, जसा एक रंग) १२ बाइटचा असतो पण बसतो १६ च्या हद्दीवर. एका पट्ट्याचे ताणा आणि बाणा असे दोन रंग धरा, रस्टमधे तीन-तीन फ्लोटचे ॲरे केले तर २४ बाइट होतात, शेडर मोजतो ३२. स्टोरेज बफरमधे (शेडरला डेटा द्यायची जागा) पुष्कळ पट्टे असले की बफर पुरेसा मोठा असतो, एरर येतच नाही, पहिला ताणा बरोबर दिसतो आणि त्यापुढचे रंग सगळे सरकतात. हे नागाला कळणार नाही, त्याला तुमचं रस्टचं स्ट्रक्ट दिसतच नाही. डब्ल्यूजीएसएल-बाइंडजेन शेडर वाचून रस्टचे स्ट्रक्ट स्वतः तयार करतं, ते लावा.

चादरवाला_सोलापूर
बाणाचा रंग चुकायला कारण हेच होतं! दोन दिवस मी रंगांचं गणितच तपासत बसलो होतो. बाइंडजेन लावलं, लाल पट्टा लालच आला, आणि मुद्दाम नाव चुकवून बघितलं तर कार्गो बिल्ड ओळ नंबरासकट थांबलं. लई आभार दोघांचे.