जुनी मॅट्रिक्स घ्यावी की व्हाइब? (दीड लाख मैलांच्या पुढच्या गाड्या)

प्रेषक: अनुजा

नमस्कार मंडळी,

दोन गाड्यांमध्ये निवड करायची आहे. एक २००४ची टोयोटा मॅट्रिक्स, ऑटोमॅटिक. दुसरी २००६ची पाँटिअ‍ॅक व्हाइब, पाच गिअरची मॅन्युअल. दोन्हींचं इंजिन १.८ लिटरचं, दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्ही दीड लाख मैलांच्या पुढे. पाँटिअ‍ॅक कधीच बंद पडली, मग व्हाइबचे पार्ट मिळतात का? आणि गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? "टोयोटा आहे, डोळे झाकून घ्या" एवढं सोडून काहीही सांगा.

प्रेषक: अरुण

अनुजाताई,

पार्टांची चिंता सोडा. व्हाइब कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जीएम आणि टोयोटाच्या भागीदारीतल्या नम्मी कारखान्यात बनायची, मॅट्रिक्स कॅनडात केंब्रिजला. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन सगळं एकच. दुकानदार व्हाइबचा पार्ट नाही म्हणाला, तर त्याच वर्षाच्या आणि त्याच इंजिनाच्या मॅट्रिक्सचा मागा. वेगळे आहेत ते बंपर, दिवे, पुढची जाळी असले बाहेरचे भाग. त्यासाठी जंकयार्ड धुंडाळावं लागतं.

गाडी बघायला जाण्याआधी दोन्हींचा सतरा अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) मागून घ्या आणि एनएचटीएसएच्या (अमेरिकेची वाहन-सुरक्षा संस्था) साइटवर टाका. दोन रिकॉल (सदोष भाग कंपनीनं बदलून द्यायची मोहीम) महत्त्वाचे.

पहिला टाकाटाच्या एअरबॅगचा. पुढच्या प्रवासी सीटसमोरच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट दमट हवेनं आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं बिघडतं. मग बॅग उघडताना तिची धातूची डबीच फुटून तुकडे अंगावर येऊ शकतात. २००३ आणि २००४च्या मॅट्रिक्सबद्दल टोयोटानं जानेवारी २०२४मध्ये स्पष्ट सांगितलं, की हे काम झालं नसेल तर गाडी चालवूच नका. तुमची मॅट्रिक्स नेमकी यात बसते. रिकॉल उघडा दिसला तर टेस्ट ड्राइव्हही नको. काम फुकट होतं. व्हाइबचं काम जीएमच्या कुठल्याही ब्रँडच्या डीलरकडे करतात, पाँटिअ‍ॅकची पाटी शोधत बसू नका.

दुसरा इंजिनाच्या कॉम्प्युटरचा (ईसीएम). २००५ ते २००८ची १.८ लिटरची गाडी म्हणजे तुमची व्हाइब. बोर्डावरच्या सोल्डरला तडे जातात. मग चेक इंजिनचा दिवा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलताना धक्के, कधी गाडी सुरूच न होणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालता चालता बंद पडणं. रिकॉल २०१०मध्ये निघाला, त्यामुळे बहुतेक गाड्यांचं काम उरकलेलं असतं. तरी व्हिन टाकून खात्री करा. हा बिघाड ओळखू न आल्यानं लोक सेन्सरमागून सेन्सर बदलत बसतात.

आता प्रत्यक्ष गाडी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की इंजिन गार हवं. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर तिथंच समजा की काहीतरी लपवायचंय. ऑइलची कांडी आधी काढा. या इंजिनात, म्हणजे १झेडझेड-एफईमध्ये, फिल्टरसकट ३.७ लिटर ५डब्ल्यू-३० लागतं. कांडीवर खालच्या खुणेच्याही खाली तेल असेल, तर एक तर गाडी तेल खाते किंवा मालक बघत नाही. दोन्ही वाईट. सुरुवातीच्या वर्षांतल्या पिस्टनची तेल परत जायची भोकं बारीक होती. ती काजळीनं बुजतात, रिंगा चिकटतात आणि तेल जळतं. दर १२०० मैलांना एक क्वार्टपेक्षा (साधारण एक लिटर) जास्त तेल लागत असेल तर ती गाडी सोडा. त्याहून कमी असेल तर डिकीत तेलाची बाटली ठेवून गाडी वर्षानुवर्षं चालते.

ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) साधा स्कॅनर बरोबर न्या. नुसते कोड बघू नका, रेडीनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते दाखवणारे) बघा. ते अपुरे दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, खर्चीक. पी-०४४१, पी-०४४६ हे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेचे; गाडी थांबत नाही, पण जिथं उत्सर्जन चाचणी सक्तीची आहे तिथं पास होत नाही.

मॅन्युअल असेल तर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच सोडा आणि कान द्या. घुंईऽऽ असा आवाज येतोय आणि क्लच दाबला की थांबतोय? मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग. या गिअरबॉक्सची (सी५९) ही जुनी खोड आहे, पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत जास्त. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचचं काम. त्यासाठीही गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतोच, पण तो उघडावा लागत नाही. गिअर ऑइल फक्त १.९ लिटर, ७५डब्ल्यू-९०. बदलताना भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालचा काढा. वरचा जाम झाला आणि तेल काढून बसलात, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

प्रेषक: नीलिमा (मिनेसोटा)

अरुणकाकांच्या यादीत थंडीची भर घालते. शून्याखाली सुरू केल्यावर इंजिनाच्या वरच्या बाजूनं रडल्यासारखा आवाज, मिनिटा-दोन मिनिटांत बंद, आणि दोन-चार आठवड्यांनी पी-०१७१चा कोड. याचं बहुतेक वेळा कारण एकच: इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅसकेट, म्हणजे जोडातलं सील. मूळचं रबर थंडीत आकसून कडक होतं, फटीतून जादा हवा आत जाते आणि मिश्रण पातळ पडतं. इंजिन तापलं की रबर फुगतं, म्हणून मेकॅनिककडे नेईपर्यंत आवाज गायब. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी तपासायला सांगा. थंड इंजिन सुरू करून जोडावर कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारला आणि आरपीएम हलला, की निदान पक्कं. फवारा तापलेल्या एक्झॉस्टकडे नको, पेट घेतो. टोयोटानं नंतर सुधारलेल्या रबराचं गॅसकेट काढलं, तेच घ्या.

मागच्या दाराचं हँडलही बघा. नंबर प्लेटवरच्या ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीला ते बसवलंय, ती थंडीत तडकते. तसंच ओढत राहिलं की पट्टीच हातात येते. पट्टी बाजारात सुटी मिळते. दाराचं आतलं आवरण काढून नट सोडवायचे, नवी बसवायची, तासाभराचं काम. तोवर दार पट्टीला न धरता कडेनं बोटं घालून उचलावं. काच वेगळी उघडते ही पहिल्या पिढीच्या (२००३ ते २००८) गाडीची मोठी सोय. पण काचेचे आणि दाराचे गॅसचे दांडे वेगवेगळे. दोन्ही उघडून सोडून बघा, कुठलं हळूहळू खाली येतंय.

मुलांना सामान हलवायचं असेल तर याहून सोयीची छोटी गाडी नाही. मागची सीट आणि पुढची प्रवासी सीट दोन्ही सपाट पडतात, लांब फळी किंवा पुस्तकांचं कपाट तिरकं न करता जातं. मागची बाजू कडक प्लॅस्टिकची आहे, चिखल पुसून निघतो. मात्र त्यावर सामान घसरतं, तेव्हा जमिनीतल्या पट्ट्यांमधल्या हुकांना बांधा.

प्रेषक: श्रीकांत

दोन भर. ऑल-व्हील ड्राइव्ह दिसली तर ती फक्त ऑटोमॅटिकमध्येच येते, आणि चारही टायर एकसारखे झिजलेले हवेत. एकच नवा टायर बसवला की मागच्या चाकांना ताकद देणारा कपलिंग सतत घासत राहतो. दुसरं, २००९ची २.४ लिटरची मॅट्रिक्स स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. २एझेड-एफई इंजिन तेल खातं. त्याच्या पिस्टन-रिंगांसाठी टोयोटानं वाढीव वॉरंटी दिली होती, ती कधीच संपली. काम झाल्याचा कागद असेल तरच बघा.

प्रेषक: अनुजा

मंडळी, खूप आभार. मॅट्रिक्सची एअरबॅग बदललेली आहे, साइटवर काही उघडं नाही. तेल कांडीच्या वरच्या खुणेला. फक्त पट्ट्याच्या बाजूला इंजिनावर तेलाचा ओला ओघळ आहे. विकणारा म्हणतो, "हेड गॅसकेट असेल, म्हणून किंमत कमी केली."

प्रेषक: अरुण

ताई, मग घासाघीस अजून करा, पण हेड गॅसकेट म्हणून घाबरू नका. नव्यानं बघणारे सगळे तेच म्हणतात. या इंजिनात तिथं पहिला संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर (चेन ताणून धरणारा भाग). तो बाहेरून दोन १० एमएमच्या नटांवर बसतो आणि त्याची ओ-रिंग कडक होऊन तेल पाझरतं. डाग धुऊन पुसा, दोन दिवस गाडी चालवा, मग टॉर्चनं बघा: ओल टेन्शनरच्या कडेपासून सुरू होते की व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅसकेटपासून वरून खाली येते.

टेन्शनर असेल तर काम स्वतःही होतं, पण क्रम चुकवायचा नाही. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर (दाबाच्या फेरीत अगदी वर) आणा. दोन नट काढून टेन्शनर बाहेर. एकदा तो बाहेर आला की इंजिन अजिबात फिरवायचं नाही. चेन सैल असते, एक दात सरकला तर टायमिंग बिघडतं. जुनी ओ-रिंग काढून खाच पुसा, नवीला इंजिन ऑइल लावा. आता प्लंजर आत दाबून त्याच्या पिनेत हुक अडकवा आणि टेन्शनर तसाच बसवा. हुक न अडकवता नट आवळून टेन्शनर आत ढकललात तर प्लंजर चेनवर जोरात दाबला जातो. नट ९ न्यूटन मीटरनंच आवळा, हे अ‍ॅल्युमिनियम आहे. मग क्रँकची पुली पान्यानं थोडी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, हुक सुटतो आणि प्लंजर बाहेर येतो. त्यानंतर घड्याळाच्या दिशेनं पूर्ण दोन फेरे हातानं. कुठं अडलं तर जोर लावू नका, खोलून परत बघा.

आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल टोयोटाच्या टी-फोर जातीचं आहे, नव्या गाड्यांचं डब्ल्यूएस जातीचं त्यात टाकू नका. खालच्या बोल्टमधून निघतं ते सुमारे ३ लिटर, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. जेवढं निघालं तेवढंच मोजून कांडीच्या नळीतून भरा, आणि पातळी इंजिन तापल्यावर, सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये आणून, चालू इंजिनावर बघा.