मदत हवी आहे: टमी टकनंतर अकराव्या दिवशी पोटात पाणी हलल्यासारखं होतंय

नेरुळ_पूर्व (शुक्रवार, रात्री ९.४०)
टमी टक (पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन) झालंय, आज अकरावा दिवस. ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) काढलाय. कालपासून बेंबीच्या खाली फुगवटा आलाय आणि कूस बदलली की आत पाणी हलल्यासारखं वाटतं. दुखत नाही. पट्टा लावतेच आहे. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर काय करू? पट्टा अजून घट्ट करू का? लवकर सांगा. आणि "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

कट्टेकरी
ताप आहे? लाली? ड्रेन कितव्या दिवशी काढला आणि त्या दिवशी चोवीस तासांत किती मि.ली. आलं होतं? सोबत लायपो (नळीनं चरबी ओढून काढणं) झालंय का? हे माहीत नसताना सांगणार काय, कपाळ?

आजीचा_बटवा
एरंडेल कोमट करून त्यात हळद, सुती फडक्यावर घेऊन पोटावर रात्रभर पट्टी. सूज हमखास उतरते. अनुभवाचे बोल.

वॉर्ड_नंबर_चार
बटवा, कृपा करा. या ऑपरेशनात पोटाची कातडी चरबीसकट स्नायूंवरून सोडवतात, बरगड्यांपर्यंत, आणि खाली ओढून बसवतात. त्यात स्पर्श कळवणाऱ्या वरवरच्या नसा तुटतात. बेंबीपासून टाक्यापर्यंतचा भाग महिनोन् महिने बधिर राहतो. कोमट म्हणून ठेवलेलं फडकं गरम होतं हे फोड आल्यावर कळतं. शेक नाही, बर्फाची पिशवीही थेट कातडीवर नाही.

ताई, तुम्ही सांगताय ते सिरोमासारखं वाटतंय. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये जी पोकळी तयार होते तिच्यात लसिकेसारखं पाणी साठतं. या ऑपरेशननंतरची ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे आणि बहुतेक वेळा ड्रेन काढल्यावरच दिसते. रक्त साठलं तर ते सहसा पहिल्या एकदोन दिवसांत, एका बाजूला, ताठ आणि दुखरं असतं. नुसती सूज असेल तर बोटाने दाबल्यावर खळगा पडतो, पण आत काही हलत नाही. उताणं झोपा, घरातल्या कुणाला तरी एका कुशीवर हलकी टिचकी मारायला सांगा. दुसऱ्या कुशीवर ठेवलेल्या हाताला लाट लागली तर पाणी. जोरात दाबून बघू नका.

नेरुळ_पूर्व
लाट लागते. ताप मोजला नाही पण अंग गरम नाही. ड्रेन पाचव्या दिवशी काढला. किती येत होतं ते सिस्टर बघायच्या. लायपो थोडंसं झालंय कमरेला.

कट्टेकरी
"थोडंसं" लायपो! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. लायपो जोडलं की पाणी जास्त सुटतं. डिस्चार्ज कार्डावर ड्रेनचे आकडे असतात, बघा.

नेरुळ_पूर्व
शेवटचा आकडा ७० आहे. मीच काढा म्हटलं. नळीमुळे झोप लागत नव्हती.

कट्टेकरी
झालं की उत्तर. चोवीस तासांत ३० मि.ली.पेक्षा कमी, तेही सलग दोन दिवस, तेव्हा ड्रेन काढतात असा साधारण दंडक आहे. दिवस मोजायचे नसतात, बाटलीतलं मोजायचं असतं. ७० वर काढला तर तेवढं पाणी रोज कुठेतरी जाणारच.

वॉर्ड_नंबर_चार
तेवढंही सोपं नाही. हल्ली बरेच सर्जन कातडीचा थर आतून टाके घालत घालत स्नायूंवर बसवत नेतात. मग पोकळीच उरत नाही. काही जण ड्रेन ठेवतच नाहीत, काही जण लवकर काढतात. ताईंचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीनं झालंय ते आपल्याला माहीत नाही, त्यामुळे ७० वर काढला म्हणजे चूकच झाली असं इथून ठरवू नका.

कट्टेकरी
पाणी हलतंय ना? मग पोकळी उरलीच आहे. पद्धत कोणतीही असो.

घणसोलीचा_यंत्रज्ञ
एवढा काथ्याकूट कशाला. ५० मि.ली. सिरिंज, १८ नंबरची सुई, मेडिकलमध्ये मिळते. भाग बधिर आहे म्हणजे दुखणारही नाही. खालून तिरकी घालून ओढायची. व्हिडिओ आहेत.

वॉर्ड_नंबर_चार
अजिबात नाही, आणि हे वाचणाऱ्या कुणीही नाही. सुई कातडीतून जाताना तिथले जंतू आत नेते. आतलं कोमट पाणी हे जंतूंसाठी आयतं जेवण. आज जो साधा फुगवटा आहे त्याचा दोन दिवसांत पू होऊ शकतो. आणि मध्यरेषेत खाली स्नायू टाके घालून जवळ आणलेले असतात, सुई किती खोल गेली हे बधिर पोटाला कळणार नाही. निर्जंतुक तयारीत हे पाच मिनिटांचं काम आहे, पण सर्जनच्या हातचं.

फिजिओ_कोपरी
सगळे पाण्यावर भांडताय. ताई, तुम्ही "पट्टा" म्हणताय तो नेमका कोणता?

नेरुळ_पूर्व
वेल्क्रोचा. बाळंतपणानंतर लावतात तसा, नऊ इंची. हॉस्पिटलनं दिलेला अंगाला काचत होता, या दमट हवेत घाम धरतो. म्हणून मेडिकलमधून हा आणला.

फिजिओ_कोपरी
वाटलंच. बसल्यावर खालची कड गुंडाळून वर येते का? आणि फुगवटा बरोबर त्या कडेच्या खाली आहे का?

नेरुळ_पूर्व
हो. पण तुम्हाला कसं कळलं?

फिजिओ_कोपरी
नऊ इंची पट्टा बरगडीच्या खालून सुरू होऊन ओटीपोटाच्या वरच संपतो. वरती दाब, खाली मोकळं. पाणी जिथे दाब नाही तिथे उतरतं. शिवाय गुंडाळलेली कड दोरीसारखी काचते, आणि त्या घडीच्या रेषेत आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी अडतो. या कामासाठी मांडीपर्यंत येणारा, बाजूला हुक किंवा चेन असलेला कॉम्प्रेशन गारमेंट (सगळीकडे सारखा दाब देणारा घट्ट कपडा) हवा. तुम्हाला पट्टा जास्त घट्ट नाही, योग्य जागी हवा. दोन बोटं आत सरकली पाहिजेत. श्वास पूर्ण घेता आला पाहिजे.

घाम येतो म्हणून सोडायचा नाही. दोन घ्या, एक धुवायला. आत पातळ सुती बिनबाह्यांची गंजी, शिवण बाहेरच्या बाजूला करून, आणि सुरकुती हातानं सपाट करून मगच हुक. पावसात वाळत नाही, तर पंख्याखाली. ओला घालू नका, जांघेत बुरशी येते. सहसा ४ ते ६ आठवडे, अंघोळ सोडून दिवसरात्र.

हिशेबनीस
बिलावर १८% जीएसटी लावलाय का ते बघा. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची सूट नाही. जन्मजात दोष किंवा अपघातानं बिघडलेलं पूर्ववत करायचं असेल तर सूट आहे. मेडिक्लेमही मिळणार नाही.

कट्टेकरी
हिशेबनीस, विचारलं कुणी?

हिशेबनीस
विचारत नाहीत म्हणूनच सांगतो.

वॉर्ड_नंबर_चार
ताई, मुख्य प्रश्न. सोमवारपर्यंत थांबायचं का? हॉस्पिटलच्या नंबरावर आत्ताच फोन करा. सर्जन नसले तरी त्यांचे सहकारी असतात, "ड्रेन काढल्यावर सिरोमासारखं वाटतंय, लाट लागते" एवढं सांगा. थर्मामीटर आणवा. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, वास मारणारा स्राव, टाक्यातून अचानक भरपूर पाणी, पोट ताठ होऊन दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि पोटाशी संबंध नाही असं वाटणारी गोष्ट: एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज, धाप, छातीत कळ. ही पायातल्या रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते, तिथे तर फोनही करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत.

अजून एक. सिगारेट, तंबाखू, काही?

नेरुळ_पूर्व
छे. मिश्री सकाळी दात घासायला लावते एकदा, ते काही व्यसन नाही.

वॉर्ड_नंबर_चार
मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आखडतात. ऑपरेशनच्या आधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे बंद ठेवायला सांगतात ते याच्यासाठी. आजपासून बंद. आता आरशात बघा: आडव्या टाक्याच्या अगदी मधोमध, वरच्या बाजूची कातडी कोणत्या रंगाची आहे? तो भाग रक्तपुरवठ्यापासून सर्वांत लांब, ताणही तिथेच सर्वांत जास्त.

नेरुळ_पूर्व
मध्ये दोन बोटं रुंदीचा पट्टा जांभळट आहे. पण तो पहिल्यापासूनच आहे म्हणून लिहिलं नाही.

कट्टेकरी
बाई! पाण्यापेक्षा ते आधी लिहायचं.

वॉर्ड_नंबर_चार
घाबरवू नका हो त्यांना. जांभळट भाग फिका होत गेला तर ठीक. गडद होत काळा, कोरडा, चामड्यासारखा झाला तर तिथली कातडी मेली, आणि त्याची देखभाल वेगळी. फोनवर हे पाण्याच्या आधी सांगा. पट्ट्याची घडी तिथे पडत असेल तर आत्ता काढा.

फिजिओ_कोपरी
झोपताना डोक्याखाली दोन उशा, गुडघ्यांखाली एक लोड. पोटावर ताण कमी पडतो, म्हणजे मधल्या टाक्यावरही. चालताना कमरेतून थोडं वाकूनच चाला, ताठ होण्याची घाई नको, पण चाला. जागेपणी दर दोन तासांनी पाच मिनिटं घरातल्या घरात. उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटून उठायचं. खोकला आला की उशी पोटाशी धरायची.

सिडको_चौथा_मजला
आमच्याकडे लिफ्ट नाही. या स्थितीत जिने चढता येतात का? ताई, तुमचा कितवा मजला?

नेरुळ_पूर्व
तिसरा. लिफ्ट नाही.

फिजिओ_कोपरी
चढता येतात, कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय, मजल्यावर थांबून. दिवसातून एकदाच. पिशवी दुसऱ्याकडे. ६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, त्यात पाण्याची बादली आली, नातवंडंही आली.

आजीचा_बटवा
मग निदान डिंकाचे लाडू तरी खाऊ द्या. ताकद येते.

वॉर्ड_नंबर_चार
डिंकाच्या लाडवात तूप आणि साखर जास्त, प्रथिनं कमी. जखम भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ६० किलोच्या बाईला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित डॉक्टरांचं. अंडी, मासे, पनीर, मूग, दही. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथणं म्हणजे आतल्या टाक्यांवर थेट जोर. रात्री इसबगोल, त्यावर भरपूर पाणी. आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची दुसरी गोळी मनानं घेऊ नका.

नेरुळ_पूर्व (शनिवार, सायंकाळी ६.१५)
रात्रीच फोन केला, सकाळी ठाण्याला बोलावलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं. सुईनं १४० मि.ली. काढलं, फिकट पिवळं, वास नाही. तपासायला पाठवलंय. जांभळट भाग वरवरचा आहे म्हणाले, मलम दिलं, मिश्रीवरून बोलणी बसली. नवा गारमेंट घेतला. मंगळवारी परत या म्हणाले. एकदा काढलं तरी परत का?

वॉर्ड_नंबर_चार
छान केलंत. पोकळी एका सुईत चिकटत नाही. दर दोनतीन दिवसांनी काढतात आणि आकडा उतरत गेला की झालं: १४०, मग ८०, मग ३०, असं. हे आकडे लिहून ठेवा. उतरत नसेल तर पुन्हा ड्रेन घालतात किंवा पोकळी चिकटवणारं औषध सोडतात. तसंच ठेवलं तर पाण्याभोवती पिशवीसारखं आवरण धरतं आणि मग ते कापूनच काढावं लागतं.

घणसोलीचा_यंत्रज्ञ
म्हणजे सुईच लागली ना शेवटी.

कट्टेकरी
सुई कुणाच्या हातात हा मुद्दा होता, यंत्रज्ञ.

सिडको_चौथा_मजला
ठाण्याला कसं गेलात? ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे खड्डे आणि हे पोट!

नेरुळ_पूर्व
गाडी केली. मागच्या सीटवर रेलून, सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी. लोकलचं धाडस केलं नाही. आणखी एक विचारायचं राहिलं. सहा आठवडे गारमेंट म्हणजे गणपतीत असणारच. साडीखाली दिसेल का?

फिजिओ_कोपरी
साडीखाली दिसणार नाही, पण परकराची नाडी बरोबर नव्या बेंबीवर येते. बेंबी भोवतीनं शिवलेली असते, ती नाडीनं घासली की ओली राहते. रुंद इलॅस्टिकचा परकर घ्या, निऱ्या गारमेंटवरच खोचा आणि पिन आतल्या कापडाला लावू नका.

आजीचा_बटवा
आणि व्रणाला खोबरेल?

वॉर्ड_नंबर_चार
टाका पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, दिवसाला १२ तासांच्या वर, दोनतीन महिने. ताईंच्या मधल्या भागाला तोवर वेळ लागेल, तिथे डॉक्टर सांगतील तेव्हाच. खोबरेल नारळीपौर्णिमेला.