फिफ्टी-फिफ्टी फॉल्ट: इन्शुरन्सवाल्यांशी कोण कोण भांडलंय? अनुभव लिहा

मीनल_एडिसन
मंडळी, धाकट्या दिराच्या गाडीला सिग्नलवर ठोकर बसली. पोलीस रिपोर्ट यायच्या आधीच अ‍ॅडजस्टरने (विमा कंपनीकडून दावा तपासणारा माणूस) फोनवर "चूक दोघांची निम्मी-निम्मी" सांगून टाकलं. न्यू जर्सीत आपला दोष ५० टक्क्यांपर्यंत असेल तर तेवढी कपात करून भरपाई मिळते. त्याच्या वर गेला की समोरच्याकडून काहीच नाही. म्हणजे आम्ही अगदी काठावर. असं कुणी उलटवलंय का? कुठल्या राज्यात, काय पुरावा दिलात, सगळं लिहा.

चार्ल्सकाठचा_ठाणेकर
मॅसॅच्युसेट्स. किराणा दुकानाचं पार्किंग. मी गाडी मागे घेत होतो, पलीकडून एक एसयूव्हीही मागे यायला लागली. मी थांबलो, हॉर्न दिला, तरी आदळलीच. आमच्याच कंपनीचं पत्र आलं: दोघेही रिव्हर्समध्ये, सबब तुमचा दोष निम्म्याहून जास्त. समोरच्यालाही तसंच पत्र गेलं म्हणे. (दोघांचाही निम्म्याहून जास्त! आमच्या गणिताच्या सरांनी हे शिकवलं नव्हतं.)

इथे दोष ठरवायची सरकारी मानकं आहेत. रिव्हर्स घेणारा आधीच दोषी धरला जातो, पण ते खोडून काढता येतं. ५० टक्क्यांच्या वर दोष धरून सरचार्ज (हप्त्यावरचा जादा आकार) लावला, तर ३० दिवसांत ५० डॉलर भरून बोर्ड ऑफ अपीलकडे (राज्य सरकारचं अपील मंडळ) जायचं.

माझा डॅशकॅम (गाडीत बसवलेला कॅमेरा) फक्त पुढचं टिपणारा. बायको म्हणाली, धडक मागे बसली, याचा काय उपयोग? पण समोर दुकानाच्या भिंतीवर एक पाटी आहे. रिव्हर्स घेताना ती लहान होत जाते, मग जागच्या जागी थांबते, हॉर्न ऐकू येतो, आणि धक्क्यासरशी पाटी एकदम जवळ येते. गाडी उभी होती हे याहून स्पष्ट काय दिसणार! सुनावणीत तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. सरचार्ज रद्द.

मिसिसागाची_माई
ऑन्टारिओत "बर्फ होता, दिसत नव्हतं" यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. रेग्युलेशन ६६८ मध्ये (इथले दोष ठरवायचे नियम) हवामान, रस्त्याची अवस्था, गाडीला नेमकं कुठे लागलं, यातलं काहीच धरत नाहीत. माझ्या केसमध्ये दोघंही "लेन समोरच्याने बदलली" म्हणत होतो, म्हणून ५०-५०. मी ईमेलवर एकच विचारलं: कुठल्या क्रमांकाचा नियम लावलात? उत्तर यायला बराच वेळ लागला. तोवर मागच्या गाडीतल्या बाईंनी पाहिलेलं लिहून दिलं. माझा फॉल्ट शून्य झाला. नसता झाला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग जनरल इन्शुरन्स ओम्बडसर्व्हिसकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाणार होते.

रिचमंड_राजे
तुमचा हेवा वाटतो. व्हर्जिनियात अपघाताला तुमची थोडीशीही चूक कारणीभूत ठरली, तर समोरच्याच्या कंपनीकडून दमडी नाही. मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा इथेही तीच तऱ्हा. म्हणून अ‍ॅडजस्टर गोड आवाजात विचारते, "ती गाडी तुम्हाला आधी दिसलीच असेल ना?" फोन रेकॉर्ड होत असतो! समोरच्याच्या कंपनीला मी सांगितलं, जे द्यायचं ते लेखी देईन. दुरुस्ती स्वतःच्या कोलिजन कव्हरमधून (धडकेत आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) करून घेतली. डिडक्टिबलवरून (दाव्यातली आपण खिशातून भरायची रक्कम) भांडण अजून चालू आहे.

पेठेतला
पुण्यातलं जरा वेगळं. मित्राच्या गाडीत मागे बसलो होतो, ट्रकशी धडक, पाय मोडला. ट्रिब्युनलमध्ये (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं, कारचालकाचीही निम्मी चूक, तेवढी रक्कम कापा. वकील म्हणाले, ही कपात चालकाच्या दाव्यात चालेल. प्रवाशाला पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पुढे त्यांचं आपसांत काय ते ते बघतील. तरी घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत काढून ठेवा. आमच्या पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा ट्रकच्या चुकीच्या बाजूला नोंदल्या होत्या, आणि उलटतपासणी सगळी तिथेच अडकली.