पाताळपाणी–काळाकुंड वाटेवरचे लाल बाण

रामबागकर:
काल आपल्या ग्रुपवर इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याहून काळाकुंड गावाकडे उतरणाऱ्या वाटेचे फोटो आले. ओढ्याच्या पात्रात दगडांच्या लगोऱ्या, कातळावर ऑइलपेंटचे लाल बाण, नेमकं लोकेशन आणि वर "आता कुणीही जाऊ शकेल". त्यावर वाहवा झाली, म्हणून लिहितोय. पात्रातला दगड उचलला की त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या उघड्या पडतात. काठावरचा उचलला तर विंचू-पालींचा आसरा जातो आणि सुटी झालेली माती पहिल्याच सरीत ओढ्यात उतरते. आपला काळा दगड जागोजागी भोकाळ, पेंट त्यात मुरतो. तारेच्या ब्रशने घासलात तर रंगाआधी दगडावरचा दगडफुलाचा (लायकेनचा) पापुद्रा निघतो, आणि त्यातल्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात.

चोरलघाट:
बाण मीच काढले आणि विचार करून काढले. जुलै-ऑगस्टात ढग उतरले की पुढचा माणूस दिसत नाही. फाट्यावर खूण नसली तर नवखा गुरांच्या वाटेला लागतो आणि थेट कड्याच्या तोंडाशी पोचतो. मोबाईलचं सांगू नका. अरुंद दरीत जीपीएसचा सिग्नल कातळावर आपटून येतो, नकाशावरचा ठिपका वीस-तीस मीटर सहज सरकतो. कड्याजवळ तेवढं पुरे. पोरं चुकली तर शोधायला तुम्ही जाणार का?

मीटरगेज:
चोरलघाट, खुणेला माझा विरोध नाही. पण तुमच्या फोटोतले बाण माणसाला पात्रातून नेतायत! २०११च्या जुलैत पाताळपाणीला अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली, हे इंदुरात कुणाला सांगायला नको. पाऊस वर पठारावर पडतो, खाली ऊनही असू शकतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा येऊ लागला की सामान टाकून काठ चढायचा. बाणाकडे बघत चालणारा पाण्याकडे बघत नाही. खूण काठानेच हवी, तीही फक्त फाट्यावर.

रामबागकर:
आणि पेंट कशाला? गेरू कालवून लावा.

चोरलघाट:
गेरू दोन सरींत धुऊन जातो. खूण लागते ती पावसातच. हे घरी बसून सुचलेले उपाय आहेत.

मीटरगेज:
मग सुती कापडाची पट्टी. लाल किंवा भगवी, दोन बोटं रुंद, डोळ्यांच्या उंचीवर, ओढताच सुटेल अशा गाठीने. नायलॉनची नको, ती वर्षानुवर्षं फांदीला कापत राहते. पुढचा बांधत जातो, मागचा सोडत येतो. मागचा माणूस आधी ठरवा, नाहीतर पट्ट्या तिथेच राहतात.

नारायणबाग:
बाणांवरून एवढं भांडताय, कॅमेरेवाल्यांना कुणी बोलतच नाही. कळलावीच्या फुलाचा फोटो मोकळा यावा म्हणून भोवतीचं गवत उपटतात. अहो, दोऱ्याने मागे बांधा, फोटो झाला की सोडा. धबधबा रेशमासारखा दिसावा म्हणून ओल्या शेवाळावर ट्रायपॉड रोवतात, शेवाळ सोलून निघतं. कोरड्या कातळावर उभं राहून लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की चकाकी जाते आणि उजेडही कमी होतो. अर्धा सेकंद शटर पुरतं. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आतले अक्षांश-रेखांश तसेच जातात, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद ठेवा. आणि ते ओले टिश्यू! बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात, कागदासारखे कुजत नाहीत. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारे, घरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करणारे आपण, महू ओलांडलं की टिश्यू दगडाखाली सारतो.

चोरलघाट:
शहराचा नंबर मध्ये आणू नका, टिश्यू मी टाकले नाहीत. आणि लोकेशन लपवायचं म्हणजे डोंगर चार जुन्या लोकांनीच बघायचा. ज्याच्या ओळखीत कुणी वाटाड्या नाही त्याने काय करायचं?

नारायणबाग:
त्याने काळाकुंडात गावचा माणूस सोबत घ्यावा, त्याला पैसे द्यावेत. त्याला पाण्याचा रंग कळतो, तुमच्या बाणाला नाही.

चोरलघाट:
ठीक आहे, हे एक मानतो. पात्रातल्या लगोऱ्या मोडतो.

रामबागकर:
नुसत्या ढकलू नका. दगडाची ओली, मळकी बाजू खाली करून जिथे खळगा उरलाय तिथेच बसवा. आणि पेंट काढायला ओढ्याजवळ थिनर अजिबात नको, तो पाण्यात उतरतो.

चोरलघाट:
पात्रातले बाणही काढेन. वरच्या फाट्यावरचा मात्र राहील. तिथे तुमची सुती पट्टी पावसाळाभर कोण बांधणार आणि कोण सोडणार, त्यांची नावं आधी इथे येऊ द्या.