पुण्यात छापलेला झोहार आणि बगदादचा विरोध: एझिकेल यांचं काय चुकलं?

कॅम्पकर
पुण्याच्या लष्कर भागातलं लाल देऊळ म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधलेलं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एवढं पुणेकरांना ठाऊक असतं. त्याच, मूळ बगदादहून आलेल्या ज्यू समाजातले पुण्याचे अब्राहम डेव्हिड एझिकेल मात्र विस्मरणात गेलेत. सर्व धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक, मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट, १८७९ मध्ये मुंबईत आले, गिरगावात राहिले. पुढे काही वर्षांतच एझिकेल या सोसायटीचे सभासद झाले. १८८७ मध्ये त्यांनी ‘इद्रा झुटा’चं भाषांतर पुण्यातून प्रसिद्ध केलं. हा झोहारचा, म्हणजे कब्बाला या ज्यू गूढविद्येच्या मुख्य ग्रंथाचा एक भाग. रब्बी शिमोन बार योहाई देह ठेवण्याच्या दिवशी शिष्यांना उरलेली रहस्यं सांगतात, असा प्रसंग. मूळ अरामी भाषेतलं. एझिकेलांनी ते बगदादी घरांत चालणाऱ्या, हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या अरबीत आणलं. बगदादच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्याला कडाडून विरोध केला.

माझ्या मते एझिकेल बरोबर होते. तो काळच असा होता की युरोपात शिकलेल्या ज्यूंना कब्बालाची लाज वाटे. हाइनरिख ग्रेट्झसारखा मोठा ज्यू इतिहासकार झोहारला बनावट ठरवत होता. अशा वेळी थिऑसॉफीमुळे एक ज्यू आपल्याच ग्रंथाकडे वळला, आपल्या माणसांसाठी त्याने तो उघडला. यात धर्मद्रोह कुठे आला?

सुमेधा_वि
एझिकेलांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण ज्या सोसायटीने त्यांना वाट दाखवली, तिला कब्बाला मिळाली कुठून? बरीचशी ख्रिस्ती हातांतून. सतराव्या शतकात क्नोर फॉन रोझेनरोथ यांनी झोहारचे भाग लॅटिनमध्ये आणले, त्यामागे ज्यूंना ख्रिस्ताकडे वळवण्याची आशा होती. गूढविद्येवर लिहिणाऱ्या एलिफास लेव्हीचं नाव ज्यू वाटतं, पण तो पॅरिसचा कॅथलिक, आल्फाँस लुई काँस्तां. मॅथर्स या इंग्रज गूढवाद्याने १८८७ मध्ये काढलेलं झोहारच्या भागांचं इंग्रजी भाषांतरही रोझेनरोथच्या लॅटिनवरूनच. म्हणजे पुण्यात एक ज्यू मूळ ग्रंथ लोकांच्या बोलीत आणत होता, त्याच वर्षी लंडनमध्ये तोच ग्रंथ ज्यूंना वगळून फिरत होता.

आणि ब्लाव्हाट्स्कींचं १८८८ चं ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’ बघा. त्यात कब्बालाचं मूळ ज्यूंच्या बाहेर, खाल्डियन (प्राचीन बॅबिलोनच्या) आणि त्याहून जुन्या ज्ञानात शोधलंय. आर्य विरुद्ध सेमेटिक अशी उतरंड आहे, सेमेटिक खालच्या पायरीवर. त्यातली मूळवंशांची, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मानववंशांची कल्पना पुढे व्हिएन्नातल्या आर्यवादी गूढपंथीयांनी उचलली. ग्रंथ घ्यायचा आणि ज्यांचा ग्रंथ त्यांना कमी लेखायचं, याला मी आदर म्हणणार नाही.

इंद्रायणीकाठ
दोघांचंही वाचलं. मला मात्र ज्ञानेश्वरी आठवली. जे संस्कृतात बंद होतं ते माउलींनी मऱ्हाटीत आणलं. बगदादच्या रब्बींचा विरोध मला आपल्याकडच्या धर्मपीठांसारखाच वाटतो. ज्ञान मूठभरांकडे राहावं, बाकी काय!

नाना_ठाणे
इंद्रायणीकाठ, तुलना मनाला भिडते, पण पुरती लागू पडत नाही. रब्बींच्या भीतीमागे एक खरा घाव होता. १६६५ मध्ये शब्बताई झ्वी याने स्वतःला मसीहा, म्हणजे ज्यूंचा तारणहार, घोषित केलं. गाझाच्या नाथनने कब्बालाच्या आधारे त्याचा प्रचार केला. येमेनपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत माणसं वेडावली, कुणी घरंदारं विकायला काढली. १६६६ मध्ये ऑटोमन सुलतानापुढे उभा राहिल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला. उद्ध्वस्त झालेल्या समाजाने त्यातून एक गोष्ट घेतली: तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ आणि आचारधर्म यांत मुरलेल्या माणसानेच कब्बालाला हात लावावा. बगदादचे रब्बी योसेफ हाईम तर स्वतः कब्बालाचे मोठे जाणकार. त्यांना हे ज्ञान नकोसं नव्हतं. ते शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस), प्रार्थना, मित्स्वा (धर्माज्ञा) यांपासून सुटं होऊन कुणाच्याही हाती पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

इंद्रायणीकाठ
शब्बताईचा मुद्दा मान्य. तरी दोनशे वर्षांपूर्वीच्या घावासाठी १८८७ च्या वाचकाला का अडवायचं?

कॅम्पकर
नाना, ‘सुटं होऊन’ हे एझिकेलांना लागू होत नाही. सोसायटीत गेले म्हणून त्यांनी ज्यूपण टाकलं नाही. पुढचंही बघा. १९२५ मध्ये मद्रासच्या अड्यारला, सोसायटीच्या मुख्यालयात, तिचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा हिब्रू थिऑसॉफिस्टांची संघटना निघाली, आवारात सिनेगॉगची पायाभरणीही झाली. हे लोक सांगत होते की थिऑसॉफीमुळे आम्ही जास्त चांगले ज्यू झालो. आपण दुरून त्यांना खोटं का ठरवावं?

सुमेधाताई, तुम्ही म्हणता तो वंशवाद मला नाकारता येत नाही. उलट त्यामुळे या लोकांचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. ज्या चळवळीत कब्बालाची ज्यूंपासून ताटातूट होत होती, तिच्या आत बसून ते ‘हे आमचं आहे’ असं म्हणत होते.

सुमेधा_वि
म्हणत होते, पण ऐकलं कुणी? गेरशोम शोलेम १९२३ मध्ये बर्लिनहून जेरुसलेमला गेले, जुन्या हस्तलिखितांवरून त्यांनी कब्बालाचा अभ्यास उभा केला. लेव्ही, क्राउली वगैरे युरोपीय गूढवादी मंडळींना त्यांनी थारा दिला नाही. कब्बालाला ज्यू इतिहासात मानाची जागा मिळाली ती अड्यारच्या सभांतून नाही, या अभ्यासातून.

नाना_ठाणे
आणि किंमत कुणी मोजली? इराकमधल्या बसऱ्यातल्या ज्यू थिऑसॉफिस्टांवर १९२० च्या दशकात बहिष्कार पडला, त्यांना वेगळं सिनेगॉग काढावं लागलं. बहिष्कार घालणारं बगदादचंच धर्मपीठ. इथे मात्र मी रब्बींच्या बाजूने नाही. भाषांतर थांबवा म्हणणं वेगळं, आणि प्रार्थनेला येणाऱ्या माणसाला समाजाबाहेर काढणं वेगळं.